सेलरीचे दांडे जाड व्हायची वाट बघू नका

तुमची अडचण मला समजली ती अशी. कांदिवली, सहावा मजला, पश्चिमेची बाल्कनी. गेल्या वर्षी दिवाळीनंतर बी पेरलं, एकही उगवलं नाही. यंदा डिसेंबरात रोपवाटिकेतून चार रोपं आणली. ती जगली, वीतभर उंच झाली, पण दांडे पेन्सिलीएवढे, मधे पोकळ आणि चवीला कडू. आता मार्च लागलाय आणि तुम्ही विचारताय, खत कुठलं घालू, आणि अजून महिनाभर थांबलो तर दांडे जाड होतील का.

नाही होणार. उद्या सकाळी कापा. मार्चमध्ये जितके दिवस थांबाल तितकं ते निब्बर होत जाईल. कापलेल्याचं काय करायचं ते शेवटी सांगते. खताचा प्रश्नही बाजूला ठेवा, कारण दोन्ही वर्षी चुकलंय ते कॅलेंडर. पश्चिमेच्या उन्हानं त्यात भर घातली असणार, पण मुळात गेल्या वर्षी बी दोन महिने आणि यंदा रोपं महिनाभर उशिरा लागली.

मी मुलुंडला राहते. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर आणि लोकांच्या बाल्कन्यांमधे भाज्या लावून द्यायचं काम गेली चौदा वर्षं करते. सेलरी पहिल्यांदा लावली तेव्हा मी मेथीसारखीच लावली होती. नोव्हेंबरात माती उकरली, बी भुरभुरलं, वर बोटभर माती लोटली आणि रोज पाणी. तीन आठवडे कुंडीत फक्त घोळ उगवली. दुसऱ्या वर्षी रोपं आली, पण भरात आली ती नेमकी होळीच्या सुमारास. दांडा मोडला तर आतून भेंडासारखा पांढरा आणि कोरडा, आणि घेवड्याच्या शिरा काढाव्यात तसे दोरे निघाले. म्हणजे तुमची दोन्ही वर्षं माझीही होऊन गेलीत.

या झाडाला काय हवं असतं ते आधी बघू. कोथिंबीर, गाजर, बडीशेप, ओवा यांच्या कुळातलं हे झाड, पण मुळात पाणथळ जागचं. युरोपात ते दलदलीच्या, खाडीच्या काठांवर आपोआप उगवतं. तेव्हा पाण्याच्या बाबतीत त्याला अळूचा भाऊ समजा आणि हवेच्या बाबतीत महाबळेश्वरचा पाहुणा. १५ ते २१ अंशांत ते खुशीत वाढतं. आपल्याकडे सांताक्रूझला जानेवारीत पहाटेचं तापमान १६-१७ पर्यंत उतरतं खरं, पण दुपारी पारा पुन्हा तिशी गाठतो. कुलाब्याला तर पहाटेही तेवढं उतरत नाही. बोरिवली, मुलुंड, आरे या डोंगराकडच्या भागांत रात्री एक-दोन अंश जास्त थंड असतात, आणि तेवढ्यानंही फरक पडतो. तुमचं कांदिवली पूर्वेला आहे की पश्चिमेला ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण पूर्वेला असेल तर तुम्ही माझ्याच गटात.

आता हिशोब करा. जाड दांड्याच्या सेलरीचं बी पेरल्यापासून रोप कुंडीत लावण्याजोगं व्हायला आठ ते दहा आठवडे लागतात. पुढे गड्डा भरायला तीन-साडेतीन महिने. म्हणजे सगळे मिळून पाच-साडेपाच महिने. मुंबईची थंडी, मोठ्या मनानं मोजली तरी, नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. तीन महिन्यांच्या थंडीत पाच महिन्यांचं पीक बसवायचं, तर पहिले दोन महिने घरात काढायला हवेत. म्हणून बी पेरायचं गणपतीच्या सुमारास, रोपं कुंडीत जायची दिवाळीच्या आसपास, बाहेरचे दांडे खायला लागायचं जानेवारीत, आणि होळी पेटायच्या आत सगळं कापून मोकळं व्हायचं. चतुर्थी, दिवाळी दरवर्षी मागेपुढे होतात, म्हणून वहीत मी सप्टेंबरचा पहिला आठवडा, नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा आणि फेब्रुवारीची अखेर असं लिहून ठेवलंय.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सगळं वेळेवर केलंत तरी सुपरमार्केटात प्लास्टिकमधे गुंडाळून मिळतो तसा मनगटाएवढा गड्डा मुंबईच्या बाल्कनीत येईलच असं नाही. मला चौदा वर्षांत तसा म्हणण्याजोगा तीनदा आला. करंगळीएवढे, रसरशीत, कट्‌कन मोडणारे दांडे मात्र दरवर्षी येतात, आणि सूपला, सॅलडला ते पुरतात. शिवाय सेलरीचाच एक पातळ दांड्याचा, भरपूर पानांचा प्रकार असतो. चायनीजच्या गाडीवर मांचाव सूपमधे किंवा फ्राइड राइसवर बारीक चिरून पडतो तो बहुतेक वेळा हाच. दिसायला दांडगी कोथिंबीर, वासाला सेलरी. याला उकाडा जास्त सोसतो आणि रोप लावल्यापासून सहा-सात आठवड्यांत कापणीला येतो. चार कुंड्या असतील तर तीनमधे हा लावा आणि एकीत हौस म्हणून टॉल युटा या जातीसारखी जाड दांड्याची. पहिल्याच वर्षी चारही कुंड्यांत जाड दांड्याची लावून मग माझ्यावर रागावू नका.

बियांच्या बाबतीत नावांचा गोंधळ फार आहे, म्हणून जाता जाता सांगते. आपल्याकडे ज्याला ओव्याचं पान म्हणतात, ज्या जाड लवदार पानांची भजी करतात, त्याचा सेलरीशी काही संबंध नाही. ते तुळशीच्या कुळातलं. काष्ठौषधींच्या दुकानात अजमोदा नावानं जे बी मिळतं ते कधी सेलरीचं असतं, कधी ओव्याच्या जातीतलं दुसरंच. मी एकदा हौसेनं पेरून बघितलं. जे उगवलं ते पानांचंच निघालं. मसाल्याला ठीक आहे, बागेसाठी भाजीच्या बियांचं पाकीटच घ्या आणि वरची तारीख बघून घ्या.

आता उगवण. लोक सगळ्यात जास्त इथेच हरतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सेलरीचं बी इतकं बारीक असतं की एका ग्रॅममधे दोन हजारांवर दाणे भरतात. एवढ्याशा दाण्यात मातीचा थर फोडून वर यायची ताकद नसते. शिवाय त्याला उगवायला उजेड लागतो. मातीखाली गाडलंत तर संपलं. आणि तिसरी गोष्ट, उकाडा वाढला की ते झोपून जातं. माती २७-२८ अंशांच्या वर गेली की उगवण झपाट्यानं घटते. सप्टेंबरातल्या मुंबईत घरातही तेवढं तापमान असतंच. तेव्हा त्याला थंडी आली आहे असं फसवावं लागतं.

मी बी रात्रभर पाण्यात भिजवते. सकाळी गाळून ओल्या टिश्यू पेपरमधे गुंडाळते, छोट्या डब्यात घालते आणि आठवडाभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवते. फ्रीझरमधे नाही. मग उथळ ट्रेमधे चाळलेलं कोकोपीट आणि गांडूळखत निम्मं-निम्मं भरून ते चांगलं भिजवून घेते आणि वर बी नुसतं भुरभुरते. थोड्या कोरड्या वाळूत मिसळलं तर सारखं पडतं. वर काही टाकायचं नाही, तळव्यानं हलकं दाबायचं. पाणी वरून ओतायचं नाही, नाहीतर बी एका कोपऱ्यात वाहत जातं. ट्रे परातीतल्या पाण्यात ठेवायचा, खालून शोषू द्यायचं, किंवा इस्त्रीच्या वेळी वापरतो तशा फवाऱ्यानं तुषार मारायचे.

ट्रे ठेवायची जागा घराघरावर अवलंबून. ज्या खोलीत रात्री एसी लागतो तिथली खिडकी सगळ्यात उत्तम. दिवसा थोडं गरम, रात्री थंड, हा चढउतारच बियांना जागं करतो. एसी नसेल तर पूर्वी आमच्याकडे माठाशेजारी ठेवायचो, तिथलं चार बोटं हवामान वेगळं असतं. पहिले कोंब दिसायला दोन आठवडे लागतात, कधी तीन. दहाव्या दिवशी निराश होऊन ट्रे उपडा करणारे मी पुष्कळ पाहिलेत. एकविसाव्या दिवसापर्यंत ओल मोडू देऊ नका, मग काय ते ठरवा.

कोंब आले की पुढचा धोका पावसाळी दमटपणाचा. रोपं मानेपाशी बारीक होऊन एका रात्रीत आडवी पडतात. गर्दी असेल तर हमखास. म्हणून दोन खरी पानं आली की विरळणी करा, ट्रेवर झाकण ठेवलं असेल तर काढा, आणि पंखा किंवा उघडी खिडकी, काहीतरी वारा लागू द्या. कोकोपीटमधे चिमूटभर ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगट बुरशीला रोखणारी उपकारक बुरशी, मिसळलं तर बरं पडतं. बोटाएवढी झाली की एकेक रोप कागदी कपात हलवायचं. चार-पाच पानं आणि चार-पाच इंच उंची झाली की कुंडीत. ऑक्टोबरच्या उन्हात मात्र थेट बाहेर काढू नका. त्या महिन्यात दुपारचा पारा ३३-३४ ला असतो आणि कपातलं रोप तासाभरात मान टाकतं.

कुंडीचं म्हणाल तर मुळं उथळ असतात, बहुतेक वरच्या वीतभर मातीतच पसरतात. त्यामुळे फार खोल कुंडी नको, पण पसरट हवी. बारा इंच रुंद कुंडीत जाड दांड्याचं एकच रोप, पातळ दांड्याची तीन-चार. रोपवाटिकेतली नुसती लाल माती कधीच वापरू नका, सुकली की तिची वीट होते. एक भाग लाल माती, एक भाग कोकोपीट, एक भाग मुरलेलं शेणखत किंवा गांडूळखत, मूठभर निंबोळी पेंड. पुढे दर पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत वरून, किंवा जिवामृत, म्हणजे शेण-गोमूत्राचं आंबवलेलं पातळ खत, पाणी घालून आणखी पातळ करून. झाड खादाड आहे, पण तुमच्या झाडाचं दुखणं उपाशीपणाचं नव्हतं म्हणून खतावर इथेच थांबते.

कॅलेंडर सोडलं तर दुखणं होतं तहानेचं. मुळं उथळ आणि दांड्यात बहुतेक पाणीच, अशा झाडाची माती एक दुपार जरी कडकडीत सुकली तरी त्याचा हिशोब दांड्यात दिसतो: आतून पोकळी, बाहेरून दोरे, आणि कडवटपणा. नंतर बादलीभर पाणी ओतून दांड्यातला रस परत येत नाही. मी एका जानेवारीत चार दिवस राजापूरला गावी गेले, शेजारच्या काकूंना पाणी घालायला सांगून. त्यांनी इमानेइतबारे घातलं, पण तुळशीला घालतात तेवढं, तांब्याभर. परत आले तर गाभ्यातली कोवळी पानं टोकाला काळी पडलेली. लोक याला कॅल्शियमची कमतरता म्हणतात आणि अंड्याची टरफलं घालतात. कॅल्शियम तिथवर पोचलं नव्हतं हे खरं, पण पोचवणारं पाणीच तुटलं होतं. टरफलं कुजायला लागतात कितीतरी महिने, तोवर हंगाम संपतो.

तेव्हा सकाळी एकदा आणि गरज असेल तर संध्याकाळी. बोट पहिल्या पेरापर्यंत खुपसा. ओल लागली पाहिजे, चिखल लागता कामा नये. वाफसा म्हणतात तो नेहमी टिकवायचा. वर सुक्या पानांचा किंवा नारळाच्या शेंडीचा जाड थर द्या. कुंडीखाली पाण्याची ताटली ठेवायचा सल्ला पुस्तकांत असतो, तो मुंबईत तसाच्या तसा पाळू नका. साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात, आणि महापालिकेची माणसं तपासायला येतात ती उगाच नाही. मी ताटलीत वाळू भरते आणि वाळू ओली ठेवते. पाणी दिसत नाही, मुळांना गारवा मिळतो.

तुमच्या बाल्कनीबद्दल दोन गोष्टी तपासा. पश्चिमेचं ऊन डिसेंबर-जानेवारीत चालून जातं, फेब्रुवारीपासून ते झाडाला भाजून काढतं. तेव्हा पन्नास टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी ग्रिलला दुपारपुरती बांधा. पूर्वेची खिडकी असेल, मग ती स्वयंपाकघराची का असेना, कुंड्या तिकडे न्या. सकाळचं चार-पाच तास ऊन या झाडाला पुष्कळ झालं. दुसरं, एसीचं बाहेरचं युनिट कुठे आहे? तुमचं असो किंवा खालच्या मजल्यावरच्यांचं, त्याची गरम हवा कुंड्यांवर येत असेल तर माझ्या वरच्या सगळ्या लिहिण्याचा उपयोग शून्य.

किडीचं थोडक्यात. मावा येतो, तो फेब्रुवारीत. पानाच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा दोन-तीन दिवस मारला तरी बहुतेक जातो. नाही गेला तर लिटरला पाच मिली कडुलिंबाचं तेल आणि दोन थेंब भांड्यांचा साबण, संध्याकाळी. पानांवर तपकिरी ठिपके पसरायला लागले तर ती पानं काढून टाका आणि पानांवर पाणी मारणं बंद करा. बास.

आता तुमचा दुसरा प्रश्न, कापायची कधी.

सेलरी एकदम उपटायची भाजी आहे हा समज बाजारातल्या गड्ड्यांनी करून दिलाय. घरच्या बागेत ती पालकासारखी, बाहेरून आत खात जायची. नवीन दांडे मधून येतात, जुने बाहेर ढकलले जातात. बाहेरचा दांडा बुडापासून पहिल्या पानाच्या फाट्यापर्यंत सात-आठ इंच झाला की तो तयार. जाडीकडे बघू नका. एक तोडून वाकवून बघा. कट्‌कन मोडला आणि कडेला पाणी दिसलं तर ती वेळ बरोबर. वाकला, चिवट दोऱ्यांवर लोंबकळत राहिला, तर तुम्ही आठ-दहा दिवस उशीर केलात. बाहेरचा दांडा कोवळा असताना काढला तर झाड तीच ताकद आतल्या दांड्यांना देतं. राखून ठेवलेला दांडा मुंबईच्या हवेत जाड होत नाही, जून होतो. तुमच्या झाडांवर जानेवारीत जे दोन-तीन दांडे काढायला हवे होते, तेच आज पोकळ झालेले आहेत.

आदल्या संध्याकाळी पोटभर पाणी द्या आणि पहाटे कापा, ऊन चढायच्या आत. दांडा बुडाशी धरून खाली आणि बाजूला पिळला की निघतो, नाहीतर धारदार सुरी. एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त काढायचं नाही, मधले पाच-सहा दांडे कायम ठेवायचे. असं दर आठ दिवसांनी, जानेवारीपासून सहा-सात वेळा निघतं. कापल्यावर हात धुवा. या झाडाच्या रसानं काहींच्या कातडीवर नंतर ऊन लागलं की चट्टे उठतात, मला स्वतःला मनगटावर उठलेत.

दांडे पांढरे आणि कमी कडू व्हावेत म्हणून शेवटचे दोन-तीन आठवडे त्यांना कागद किंवा पुठ्ठा गुंडाळून उजेड तोडतात. थंड प्रदेशांत हे छान जमतं. आपल्याकडे त्या पुठ्ठ्याच्या आत घाम साठतो आणि गोगलगायी पाहुण्या येतात. मी जाड दांड्याच्या एकाच कुंडीला, तेही दहा-बारा दिवसच, तपकिरी कागद सैल गुंडाळून वर सुतळी बांधते, पानं बाहेर मोकळी. पातळ दांड्याच्या प्रकाराला याची काही गरज नाही. तसा कडवटपणा पाण्यानं जितका जातो तितका कागदानं जात नाही.

फेब्रुवारीच्या अखेरीस उरलेलं सगळं मातीपासून दोन बोटं वर कापा आणि बुंधा सावलीत ठेवून पाणी देत राहा. एप्रिलपर्यंत कोवळी पानं फुटतात, आमटीवर कोथिंबिरीसारखी घालता येतात. बाजारच्या गड्ड्याचं बूड पाण्यात ठेवून पुन्हा उगवायचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. उगवतं, पण पानंच मिळतात, गड्डा नाही. आपल्या हवेत ते पाणी रोज बदललं नाही तर तिसऱ्या दिवशी वास मारतो, तेव्हा मुळं दिसताच मातीत लावा. अनेकजण विचारतात की तुरा येऊन झाड वाया जाईल का. त्यासाठी दहा-बारा दिवस दहा-बारा अंशांची थंडी लागते, ती आपल्याकडे क्वचित पडते. ती काळजी नाशिक-पुण्याच्या लोकांची.

कापलेले दांडे ओलसर फडक्यात आणि वर अॅल्युमिनियमच्या फॉइलमधे गुंडाळून फ्रिजमधे ठेवले तर दोन आठवडे ताठ राहतात. बंद प्लास्टिकच्या पिशवीत बुळबुळीत होतात. मरगळले असतील तर बर्फाच्या पाण्यात अर्धा तास.

आणि आज तुमच्याकडे आहेत ते पोकळ, कडू दांडे फेकू नका. बारीक चिरून कांदा, गाजर आणि आल्याबरोबर उकळून गाळून घ्या, सूपचं पाणी होतं. उकळताना कडवटपणा बराच मावळतो आणि वास सगळा उतरतो. पानं सावलीत वाळवून चुरून मिठात मिसळा, काकडीवर छान लागतात. बुंधे असतील तर पूर्वेच्या खिडकीत हलवा. बियांचं पाकीट उरलं असेल तर घट्ट डब्यात घालून फ्रिजच्या दारात ठेवा. दोन-तीन वर्षांपर्यंतचं बी चांगलं उगवतं, त्याहून जुनं असेल तर ऑगस्टात नवीन घ्या. आणि एसीच्या युनिटचं काय निघालं ते मला कळवा.